शिरीनचे लग्न आणि पडद्यावरून हरवलेला कारखाना

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या उद्योगांना भासू लागलेली मनुष्यबळाची टंचाई परदेशी कामगारांनी भरून काढली, हे विसाव्या शतकाच्या युरोपीय इतिहासात वारंवार सांगितले जाते. परंतु या कामगारांत स्त्रियांची संख्या किती मोठी होती आणि त्यांतील पुष्कळ जणी कोणाच्या पत्नी वा कन्या म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाचा करारनामा घेऊन एकट्या आल्या होत्या, ही गोष्ट त्या इतिहासाच्या समासातच राहिली. पश्चिम जर्मनीत काम करणाऱ्या परदेशी स्त्रियांची संख्या १९६० मध्ये सुमारे ४३ हजार होती. १९७३ पर्यंत ती सात लाखांवर गेली. जर्मन चित्रपटाने या स्त्रीकडे उशिरा पाहिले, आणि पाहिले तेव्हा पहिल्या महत्त्वाच्या चित्रपटात ती कामगार होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत मात्र पडद्यावरचा कारखाना नाहीसा झाला आणि तिच्या वाट्याला चार भिंतींची खोली आली. हे स्थित्यंतर केवळ दिग्दर्शकांच्या आवडीनिवडीतून घडले नाही. परवान्यांचे कायदे, चित्रपटांना मिळणारा सार्वजनिक पैसा आणि प्रेक्षकांच्या ठाम समजुती या तिन्हींचा त्यात हात होता.

कामगारभरतीचा पहिला करार २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी झाला. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तान आणि त्यानंतर मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया व युगोस्लाव्हिया या देशांशी तसेच करार होत गेले. अशा कामगाराला जर्मन भाषेत ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार, हा शब्द रूढ झाला. पाहुण्याने काम करायचे आणि वेळ झाली की निघून जायचे, ही अपेक्षा त्या शब्दातच दडलेली आहे. पाहुण्याला राबवून घेणारे यजमानपद हा प्रकारही तसा विरळाच. इस्तंबूलमध्ये जर्मन श्रमप्रशासनाचे संपर्क कार्यालय होते. तेथे अर्जदारांची कौशल्यचाचणी होई आणि जर्मन डॉक्टर दात, रक्त, लघवी, फुप्फुसे यांची तपासणी करीत. स्त्री गरोदर नाही, याचीही खातरजमा केली जाई. परीक्षेत उतरलेल्यांची गाडी सिर्केजी स्थानकातून सुटे आणि दोन-तीन दिवसांनी म्यूनिकच्या मुख्य स्थानकात अकरा क्रमांकाच्या फलाटावर येऊन थांबे. तेथून निरनिराळ्या कारखान्यांकडे त्यांची वाटणी होई.

स्त्रियांना मागणी का होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळत नाही. रेडिओच्या नळ्या जुळवणे, कापड विणणे, मासे व फळे डबाबंद करणे, चॉकलेटे गुंडाळणे अशी बोटांच्या चपळाईची कामे जर्मन पुरुष करीत नसत आणि जर्मन स्त्रियांना त्यापेक्षा बरी कामे मिळू लागली होती. जर्मनीच्या संघीय श्रम न्यायालयाने १९५५ मध्ये स्त्रियांच्या वेतनात केवळ स्त्री म्हणून केली जाणारी कपात बेकायदा ठरवली होती. त्यावर उद्योगांनी शोधलेला तोडगा म्हणजे ‘लाइटलोनग्रूपेन’, अर्थात हलक्या कामाचे वेतनगट. कागदावर त्यात स्त्री हा शब्द नसे. प्रत्यक्षात त्या गटांत स्त्रियाच भरलेल्या असत, आणि त्यांतही परदेशी स्त्रिया तळाला. तुर्कस्तानात जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या पुरुषांची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे लांबत असताना स्त्रियांना मात्र लवकर बोलावणे येई, त्यामुळे अनेक कुटुंबांनी आधी सुनेला किंवा मुलीला पाठवले आणि नवरा मागाहून गेला. सुरुवातीच्या काळात आलेल्या या स्त्रियांत इस्तंबूलसारख्या शहरांतल्या, बऱ्यापैकी शिकलेल्या, प्रसंगी शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्याही होत्या. केरळातील तरुण मुली कॅथलिक संस्थांमार्फत परिचर्येच्या कामासाठी जर्मनीत जाऊ लागल्या, तो काळही हाच.

या स्त्रिया गप्प होत्या, असेही नाही. डसलडॉर्फजवळच्या नॉइस येथे पीअरबुर्ग या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कारखान्यात ऑगस्ट १९७३ मध्ये झालेला संप प्रामुख्याने ग्रीक, तुर्की, स्पॅनिश, इटालियन आणि युगोस्लाव्ह स्त्रियांनी उभा केला. कामगार संघटनेच्या अधिकृत परवानगीवाचून झालेला हा संप ‘रानटी संप’ या जातीचा होता; संघटनेच्या संमतीविना पुकारलेल्या संपाला जर्मन भाषेत हेच नाव आहे. ताशी एक मार्क वाढ आणि सर्वांत खालचा वेतनगट रद्द करणे या त्यांच्या दोन मुख्य मागण्या होत्या. पोलिसांच्या लाठीनंतरही त्या हटल्या नाहीत, कारखान्यातले कुशल जर्मन कारागीर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तो वेतनगट रद्द झाला. तीनच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, तेलसंकटाचे निमित्त सांगून जर्मन सरकारने परदेशी कामगारांची भरती थांबवली.

याच काळात पश्चिम जर्मनीचा चित्रपटही कूस बदलत होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये ओबरहाउझेन येथे २६ तरुण चित्रपटकर्त्यांनी जुन्या चित्रपटाशी नाते तोडल्याचे निवेदन काढले आणि त्यातून जो प्रवाह पुढे आला, त्याला ‘नवा जर्मन चित्रपट’ म्हणतात. तो तिकीटबारीवर जगला नाही. सार्वजनिक अनुदान आणि दूरचित्रवाणी केंद्रांचा पैसा यांवर तो पोसला गेला, आणि १९७४ मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्यात झालेल्या करारामुळे हे नाते अधिक पक्के झाले. या व्यवस्थेमुळे बाजारात न खपणारे विषय पडद्यावर येऊ शकले. पण कोणता विषय ‘समाजोपयोगी’ आहे, हे ठरवण्याचा अधिकार समित्यांकडे गेला, हेही तितकेच खरे.

स्थलांतरित माणूस या प्रवाहात प्रथम आला तो पुरुष म्हणून. रायनर वेर्नर फासबिंडर यांच्या ‘कात्सेलमाखर’ (१९६९) मध्ये म्यूनिकच्या एका वस्तीत ग्रीक कामगार येतो आणि त्याच्या नुसत्या असण्याने तिथल्या निरुद्योगी तरुणांचा द्वेष उफाळतो. ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ (१९७४) मध्ये मोरोक्कन कामगार आणि त्याच्याहून वयाने मोठी जर्मन सफाई कामगार यांच्या विवाहाची कथा आहे. दोन्ही कृती मोठ्या आहेत, परंतु दोन्हींत परका माणूस हा जर्मन समाजापुढे धरलेला आरसा आहे आणि आरशाला स्वतःची कहाणी नसते. परदेशी स्त्रीला कहाणी मिळाली ती १९७६ मध्ये, हेल्मा झांडर्स-ब्राम्स यांच्या ‘शिरीन्स होखत्साइट’, म्हणजे ‘शिरीनचे लग्न’, या चित्रपटात.

१९४० मध्ये एम्डेन येथे जन्मलेल्या या दिग्दर्शिकेचे मूळ आडनाव झांडर्स; स्त्रीवादी चित्रपटकर्त्या हेल्के झांडर यांच्या नावाशी होणारा घोटाळा टाळण्यासाठी त्यांनी आईकडचे ब्राम्स हे नाव पुढे जोडले. परदेशी कामगारांचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. १९७१ मध्येच त्यांनी ‘औद्योगिक राखीव फौज’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट केला होता. ही संज्ञा कार्ल मार्क्सची आहे: तेजीत कामाला लावता येणारा, मंदीत काढून टाकता येणारा आणि आपल्या नुसत्या अस्तित्वाने इतरांची मजुरी खाली ठेवणारा बेकारांचा साठा, असा तिचा अर्थ. ‘शिरीनचे लग्न’ हा त्या संज्ञेला मिळालेला मानवी चेहरा आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पश्चिम जर्मन रेडिओ या कोलोनच्या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थेने निर्मिलेला हा कृष्णधवल चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. छायालेखन थोमास माउख यांचे, तर शिरीनची भूमिका आयतेन एर्तेन यांची. अनातोलियातील एका खेड्यात वाढलेल्या शिरीनचे वडील तुरुंगात असतात आणि नातेवाईक तिचे लग्न जमीनदाराच्या कारभाऱ्याशी ठरवतात. लहानपणी तिची सोयरीक महमूदशी झालेली असते. तो जर्मनीत, कोलोनला, कामाला गेलेला असतो. शिरीन घर सोडते, इस्तंबूलला येते, तपासणी पार करते आणि महमूदला शोधण्यासाठी कोलोनच्या कारखान्यात दाखल होते. स्त्रियांच्या वसतिगृहात तिला मारिया ही ग्रीक मैत्रीण भेटते. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात १९७४ मध्ये सायप्रसवरून युद्धाची वेळ आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे एका खोलीतल्या त्या दोन खाटांचे मोल कळते. पुढे मंदी येते, नोकरी जाते, शिरीन सफाईची कामे करते, मालक तिच्यावर बलात्कार करतो आणि कागदपत्रांवाचून उरलेली ती अखेर दलालांच्या हाती सापडते. ज्या महमूदसाठी ती आली, तो तिला भेटतो कामगारांच्या वसतिगृहात, गिऱ्हाईक म्हणून. तो पैसे देतो. शेवटी दलालाच्या गोळीने तिचा अंत होतो.

शिरीन आणि फरहाद यांची फारसी-तुर्की प्रेमकथा मराठी वाचकालाही हिंदी चित्रपटांमुळे नावाने परिचित आहे. त्या कथेत प्रियेसाठी पहाड फोडतो तो फरहाद. येथे पहाड शिरीनने फोडायचा आहे आणि पलीकडे फरहाद उभा नाही. महमूदच्या भूमिकेसाठी दिग्दर्शिकेने आरास ओरेन यांची निवड केली. १९६९ पासून बर्लिनमध्ये राहणारा आणि क्रॉइझबेर्ग भागातील तुर्की कामगारांच्या जीवनावर दीर्घ काव्य लिहिणारा हा कवी पडद्यावर जवळजवळ अबोल राहतो, ही योजना मार्मिक आहे.

परंतु या चित्रपटाचे खरे वेगळेपण कथेत नाही, आवाजांत आहे. चित्रांवर सतत दोन स्त्रियांचे निवेदन चालते: एक आवाज मरून गेलेल्या शिरीनचा, तुटक आणि साध्या जर्मनमधला, आणि दुसरा खुद्द दिग्दर्शिकेचा. एक सांगते, दुसरी विचारते, कधी पुस्ती जोडते, कधी जर्मन स्त्री म्हणून आपल्या आयुष्याची तुलना करते. सामान्य माहितीपटात निवेदक सर्वज्ञ असतो. येथे निवेदिका आपल्या अज्ञानाची कबुली देत शिरीनच्या शेजारी बसते. या रचनेवर घेतला जाणारा आक्षेपही वजनदार आहे, कारण शिरीनच्या तोंडचे शब्दही अखेर जर्मन दिग्दर्शिकेनेच लिहिलेले आहेत आणि दोन आवाजांचा संवाद हा वास्तविक एकाच लेखणीचा संवाद आहे. शिवाय खेडे, जबरीचे लग्न, पलायन आणि वेश्याव्यवसाय अशी उतरंड रचताना शहरातून आलेली, शिकलेली, पीअरबुर्गच्या फाटकाशी उभी राहिलेली स्त्री या चित्रपटातून निसटली. अडीच वर्षांपूर्वी, कोलोनपासून फार लांब नसलेल्या गावात स्त्रियांनी संप जिंकलेला असताना पडद्यावरच्या स्त्रीला मरणाखेरीज मार्ग नसावा, ही या थोर चित्रपटाची उणीव मान्य करायला हवी. तरीही त्यात कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यासमोरचे काम आहे, वसतिगृह आहे, वेतन आहे, परवाना आहे. शिरीनच्या नाशाची कारणे केवळ तिच्या गावात नाहीत, ती कोलोनच्या हिशेबवहीतही आहेत, हे दिग्दर्शिका एका क्षणासाठीही विसरत नाही.

१९७६ मध्ये दूरचित्रवाणीवर चित्रपट दाखवला गेला आणि मोठा गदारोळ झाला. तुर्की स्त्री वेश्या म्हणून दाखवल्याने राष्ट्राची आणि धर्माची विटंबना झाली, असे म्हणत जर्मनीतील तुर्की राष्ट्रवादी गटांनी निदर्शने केली. दिग्दर्शिकेला आणि आयतेन एर्तेन यांना धमक्या आल्या. ज्या भोगांना शिरीनला तोंड द्यावे लागले, त्यांच्याबद्दल नव्हे, तर ते भोग उघड्यावर आल्याबद्दल हा संताप होता, आणि त्याची झळ भूमिका करणाऱ्या स्त्रीला बसली. बरोबर २८ वर्षांनी, फातिह आकिन यांच्या ‘गेगेन डी वांट’ (२००४) या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले, तेव्हा मुख्य अभिनेत्री सिबेल केकिली यांच्या पूर्वायुष्यावर एका खपाऊ जर्मन दैनिकाने मोहीम चालवली आणि त्या मोहिमेबद्दल जर्मन वृत्तपत्र परिषदेने त्या दैनिकावर ठपका ठेवला. एका वेळी दगड मारणारे हात तुर्की राष्ट्रवाद्यांचे होते, दुसऱ्या वेळी जर्मन वृत्तव्यवसायाचे. निशाणा तोच होता.

भरती थांबल्याचा परिणाम सरकारच्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला. एकदा देश सोडला तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर कामगारांनी परतण्याऐवजी कुटुंबे बोलावून घेतली. परंतु १९७४ च्या अखेरीनंतर आलेल्या जोडीदारांना कामाचा परवानाच नाकारण्यात आला आणि पुढे त्या बंदीची जागा अनेक वर्षांच्या प्रतीक्षा-मुदतीने घेतली. पत्नीचा राहण्याचा हक्क पतीच्या हक्काशी बांधलेला होता. विवाह मोडला तर देश सुटण्याची टांगती तलवार. १९९० च्या कायद्याने स्वतंत्र हक्कासाठी सामान्यतः चार वर्षांच्या सहजीवनाची अट घातली, ती २००० मध्ये दोन वर्षांवर आली आणि २०११ मध्ये पुन्हा वाढून तीन वर्षांची झाली. म्हणजे पहिल्या पिढीतील स्त्री कामगार म्हणून आली आणि दुसऱ्या टप्प्यातील स्त्रीला पत्नी होऊनच यावे लागले, इतकेच नव्हे तर पत्नी होऊनच राहावे लागले. १९८३ मध्ये हेल्मुट कोल यांच्या सरकारने मायदेशी परतणाऱ्यांना १०,५०० मार्क देऊ करणारा कायदा केला, त्यावरून त्या काळातील वातावरणाची कल्पना यावी.

ऐंशीच्या दशकातील चित्रपट या वातावरणात जन्मले. १९८० मध्ये बर्लिनच्या चित्रपट अकादमीतून आलेला सेमा पोयराझ आणि सोफोक्लिस आदामिदिस यांचा ‘ग्योल्गे’ (या तुर्की शब्दाचा अर्थ सावली) क्रॉइझबेर्गमधील एका तरुण मुलीची घुसमट आतून दाखवतो. दुर्दैवाने त्याची चर्चा फार थोडी झाली. गाजला तो तेवफिक बाशेर यांचा ‘४० क्वाड्राटमेटर डॉइचलांड’ (१९८६), म्हणजे ‘चाळीस चौरस मीटर जर्मनी’. गावाहून लग्न करून आणलेल्या तुर्नाला तिचा नवरा दुर्सुन हॅम्बर्गच्या फ्लॅटमध्ये कुलपाआड ठेवतो. तिची जर्मनी तेवढीच, शीर्षकात मोजलेली. ओझाय फेख्त यांनी ही भूमिका जवळजवळ शब्दांवाचून केली आहे. दुर्सुन फेफरे येऊन मरतो आणि त्याचे प्रेत दारातच आडवे पडते. तुर्नाला बाहेर पडायचे तर मृत नवऱ्याला बाजूला सारावे लागते. हा शेवट विसरता येत नाही. तथापि या चित्रपटात दाराचे कुलूप दिसते आणि परवाना-कार्यालयाचे कुलूप दिसत नाही. कामाची बंदी, विवाहाशी जखडलेला निवास, यांपैकी काहीच त्या चाळीस चौरस मीटरांत शिरत नाही, आणि प्रेक्षक दुर्सुनला दोष देऊन निश्चिंतपणे घरी जाऊ शकतो.

हार्क बोम यांच्या ‘यासेमीन’ (१९८८) मध्ये तर सुटका करणारा जर्मन तरुण मोटारसायकलवर बसून येतो. हॅम्बर्गमधील हुशार, ज्युडो खेळणारी मुलगी आणि एकाएकी कर्मठ बनणारा तिचा बाप, अशी ही मांडणी जर्मन प्रेक्षकाला सुखावणारी होती. गोएटे इन्स्टिट्यूटने, म्हणजे भारतात जी मॅक्सम्यूलर भवन म्हणून ओळखली जाते त्या संस्थेने, हा चित्रपट जगभर दाखवला. तुर्की मुलगी म्हणजे कैद आणि जर्मन समाज म्हणजे मुक्ती, हे समीकरण अशा रीतीने जर्मनीच्या सांस्कृतिक निर्यातीचा भाग झाले. चित्रपट-अभ्यासक डेनिझ ग्योक्त्युर्क यांनी या साऱ्या परंपरेला ‘कर्तव्याचा चित्रपट’ ही संज्ञा लावली. ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांच्या चित्रपटांविषयी लिहिताना सरिता मलिक यांनी ती वापरली होती, आणि तिचा रोख असा की अल्पसंख्य समाजाच्या कथेने सतत ‘समस्या’ मांडावी, समजावून सांगावी, ही अनुदान देणाऱ्यांची अपेक्षा अखेरीस कलावंताचे हात बांधते.

पुढच्या पिढीने ते ओझे वेगवेगळ्या रीतींनी झुगारले. थोमास आर्सलान यांच्या ‘डेर श्योने टाग’ (२००१) मध्ये डेनिझ ही तरुणी बर्लिनमध्ये परदेशी चित्रपटांच्या डबिंगसाठी आवाज देण्याचे काम करते, प्रियकराशी संबंध तोडते, आईला भेटते, रेल्वेतून हिंडते. तिच्या तुर्की असण्याचा कथेला काही उपद्रव नाही. एक दिवस, एक शहर, एक नोकरी करणारी मुलगी एवढ्यावर उभा असलेला हा चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही, परंतु शिरीनच्या नंतर काम करताना दिसणारी ही महत्त्वाची नायिका, आणि तीही दुसऱ्याच्या शब्दांना आपला आवाज देणारी, हा योगायोग सूचक आहे. फेओ आलादाग यांचा ‘डी फ्रेम्डे’ (२०१०) मात्र पुन्हा कुटुंब, प्रतिष्ठा आणि हत्या यांच्या वर्तुळात परतला. बर्लिनमध्ये २००५ साली घडलेल्या एका तरुण स्त्रीच्या हत्येनंतर त्या विषयाला टाळणे कठीण होते, हे खरे. पण ऑस्करसाठी जर्मनीची निवड म्हणून पाठवला गेला तो हा चित्रपट, आर्सलान यांचा नव्हे.

हरवलेला कारखाना अखेर सापडला तो पडद्यावर नव्हे, पुस्तकात. १९४६ मध्ये मलात्या येथे जन्मलेल्या एमिने सेवगी ओझदामार १९६५ मध्ये भरती होऊन पश्चिम बर्लिनला आल्या. टेलिफुंकेन कंपनीत भिंग डोळ्याला लावून रेडिओच्या नळ्या जुळवणे हे त्यांचे काम आणि स्त्रियांचे वसतिगृह हे त्यांचे घर होते. पुढे त्या इस्तंबूलला जाऊन अभिनय शिकल्या, पूर्व बर्लिनच्या रंगभूमीवर काम करून जर्मन भाषेच्या लेखिका झाल्या आणि १९९८ च्या ‘गोल्डन हॉर्नवरील पूल’ या कादंबरीत त्यांनी ते वसतिगृह, तो पट्टा आणि त्या काळातल्या हसणाऱ्या, भांडणाऱ्या, नाटकाला जाणाऱ्या, राजकारण शिकणाऱ्या कामगार मुली शब्दांत उतरवल्या. २०२२ मध्ये जर्मन भाषेतील सर्वोच्च मानला जाणारा गेओर्ग ब्यूख्नर पुरस्कार त्यांना मिळाला. जर्मन चित्रपटाने त्यांना ‘यासेमीन’ मध्ये भूमिका दिली होती ती नायिकेच्या आईची.